फाईल-प्रवेशाधिकार, संगणक-जालातील

फाईल-प्रवेशाधिकार, संगणक-जालातील : संगणक-जालातील (एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या समूहातील) एका संगणकावर साठविलेल्या फाईली इतर संगणकांवर काम करणाऱ्या व्यक्तींनी वाचणे, बदलणे, नव्याने निर्माण करणे किंवा पुसून टाकणे यांसंबंधीच्या अधिकारांना व ते अमलात आणणाऱ्या योजनेला ही संज्ञा लावतात. फाईली साठवून मागणीनुसार पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर आणि मागणी करणाऱ्या संगणकाला ग्राहक-संगणक म्हणतात. सर्व्हरवरील ज्या फोल्डरात जालातून प्रवेश करता येतो ते सामाईक फोल्डर होय. कार्यालये, विद्यापीठे, रुग्णालये, बँका, वृत्तपत्रे इ. ठिकाणी अनेकांना एकाच संग्रहावर काम करावे लागत असल्याने अशी फोल्डरे मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत.

सामाईक फोल्डर वापरणारे बहुसंख्य लोक सामान्य वापरकर्ते असतात, म्हणजे त्यांना संगणकाची मूलभूत मांडणी बदलण्याचा अधिकार नसतो. तो अधिकार प्रशासकाकडे असतो. प्रशासकाचे अधिकार न देता सामान्य वापरकर्त्याला त्याच्या कामापुरता प्रवेश कसा द्यावा, हा या योजनेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याची उकल तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्याने होते : (१) ओळख, म्हणजे मागणी करणारी व्यक्ती कोण आहे याची खात्री, (२) परवानगी, म्हणजे त्या व्यक्तीने कोणत्या फाईलीचे काय करावे याचा निर्णय, आणि (३) जोडणी, म्हणजे दूरचे फोल्डर ग्राहक-संगणकाच्या स्वतःच्या फाईल-रचनेत दिसू लागावे अशी व्यवस्था. पहिल्या दोन गोष्टींचा अंतिम निर्णय सर्व्हरच्या बाजूला होतो. तिसरी गोष्ट ग्राहक-संगणकावर घडते व प्रशासकाच्या अधिकारांची गरज प्रामुख्याने तेथेच आणि तीही काही प्रणालींतच उद्भवते. या तीन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे एक फोल्डर उघडत नाही एवढ्याच कारणासाठी वापरकर्त्याला संपूर्ण संगणकाची सत्ता देण्याचा प्रकार घडतो. त्याचे परिणाम पुढे दिले आहेत.

ऐतिहासिक विकास : एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली, तेव्हा फाईलींच्या मालकीचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६९ मध्ये सेवेत आलेल्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाईलीबरोबर परवानगीची यादी ठेवण्याची सोय होती. मल्टिक्सच्या अनुभवाच्या आधारे जेरोम सॉल्टसर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. प्रत्येक आज्ञावलीला व प्रत्येक वापरकर्त्याला कामासाठी लागतील तेवढेच, किमान अधिकार असावेत, हे त्यांतील एक तत्त्व या विषयाचा पाया ठरले.

बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत सर्वाधिकारी (ज्याला कोणतीही परवानगी लागत नाही असा) एकच वापरकर्ता आणि इतर सर्व सामान्य, अशी द्विस्तरीय रचना होती. या दोन स्तरांमधील अंतर सांधण्यासाठी डेनिस रिची यांनी एक युक्ती शोधून काढली. ठराविक खूण केलेली आज्ञावली कोणीही सुरू केली, तरी ती सुरू करणाऱ्याच्या नव्हे, तर आज्ञावलीच्या मालकाच्या अधिकाराने चालते. सामान्य माणसाला सर्वाधिकारी न करता सर्वाधिकाऱ्याचे एखादेच काम त्याच्या हातून करवून घेणे यामुळे शक्य झाले. या युक्तीचे अमेरिकी एकस्व (पेटंट) १९७९ मध्ये मंजूर झाले. याच हेतूने १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथील विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञावली तयार झाली. तिच्यामुळे कोणत्या व्यक्तीने कोणती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी याची यादी करून ठेवता येते.

जालातून फाईली पुरविण्याच्या प्रमुख पद्धती १९८० नंतरच्या दशकात उदयास आल्या. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली १९८३ मध्ये बाजारात आली. त्याच सुमारास आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी या नियमावलीचा (संगणकांनी एकमेकांशी करावयाच्या संदेश-व्यवहाराच्या नियमांचा) पाया घातला. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती आपल्या विंडोज प्रणालीत समाविष्ट करून वाढविली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही नियमावली तयार केली आणि युनिक्स संगणकांत ती सर्वत्र पसरली. कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्रू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सांबा या आज्ञावलीचा आरंभ केला. तिच्यामुळे युनिक्स व लिनक्स संगणकांनाही एसएमबीच्या भाषेत विंडोज संगणकांशी व्यवहार करता येऊ लागला.

जोडणीवरील निर्बंधाची कारणे : युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींत सर्व फाईली एकाच वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेल्या असतात. दूरचे फोल्डर वापरावयाचे झाल्यास झाडावर कलम बांधावे त्याप्रमाणे ते या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर जोडावे लागते. हा वृक्ष संगणकावरील सर्वांना समान असल्याने जोडणीचा परिणामही सर्वांवर होतो. म्हणून जोडणीचा अधिकार परंपरेने सर्वाधिकाऱ्याकडे राखून ठेवलेला आहे. यामागे पुढील कारणे आहेत.

(१) परवलीच्या शब्दांची (पासवर्डांची) नोंद किंवा प्रणालीच्या मुख्य आज्ञावली ज्या फोल्डरात असतात त्यावरच कोणी आपले फोल्डर जोडले, तर मूळ फाईली झाकल्या जाऊन त्यांच्या जागी बनावट फाईली दिसू लागतील. (२) जोडलेल्या फोल्डरात मालक म्हणून सर्वाधिकाऱ्याचे नाव असलेली व रिची यांच्या युक्तीची खूण बाळगणारी आज्ञावली असेल, तर ती चालविणारा सामान्य माणूस क्षणात सर्वाधिकारी बनेल. स्वतःच्या घरच्या संगणकावर अशी फाईल तयार करणे कोणालाही शक्य असते. (३) युनिक्समध्ये चकती, स्मृती इ. उपकरणेही फाईलींच्या रूपाने दर्शविली जातात. परक्या फोल्डरातील अशा फाईलीमार्फत उपकरणांवर थेट ताबा मिळू शकेल. (४) दूरचा सर्व्हर बंद पडल्यास त्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या आज्ञावली अडकून राहतात व इतरांच्या कामाचाही खोळंबा होतो.

या कारणांपैकी एकही कारण सामान्य वापरकर्त्याने सर्व्हरवरील फाईल वाचू नये असे सांगत नाही. सर्व कारणे जोडणीच्या जागेशी व जोडलेल्या मजकुराच्या स्वरूपाशी निगडित आहेत. त्यामुळे जागा निश्चित केली आणि धोकादायक फाईली निष्प्रभ केल्या, तर जोडणीचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला निर्धास्तपणे देता येतो. पुढील काळातील बहुतेक उपाय याच धोरणाने योजिलेले आहेत.

ओळख पटविण्याच्या पद्धती : एनएफएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ग्राहक-संगणक प्रत्येक मागणीबरोबर वापरकर्त्याचा क्रमांक कळवीत असे आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवीत असे. सर्व संगणक एकाच संस्थेच्या प्रशासकाच्या ताब्यात असतील, या गृहीतावर ही पद्धत आधारलेली होती. युनिक्समध्ये १,०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे संदेशद्वार केवळ सर्वाधिकाऱ्यालाच उघडता येत असल्यामुळे अशा द्वारातून आलेली मागणी विश्वसनीय मानली जाई. व्यक्तिगत संगणकांचा प्रसार झाल्यावर हे गृहीत कोसळले. कारण ज्याच्या मेजावर संगणक आहे तोच त्याचा सर्वाधिकारी झाला व त्याला कोणताही क्रमांक धारण करता येऊ लागला. त्यावर आंशिक उपाय म्हणून ग्राहक-संगणकावरील सर्वाधिकाऱ्याच्या मागण्या सर्व्हरने ‘अनामिक’ या अत्यल्प अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावे मांडाव्यात, असा संकेत रूढ झाला. मात्र त्याने इतर सामान्य वापरकर्त्यांच्या तोतयेगिरीला आळा बसत नाही.

या समस्येचे समाधानकारक उत्तर कर्बेरोस पद्धतीने दिले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३–९१ या काळात चाललेल्या अथेना प्रकल्पात ती विकसित झाली. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या दारावर पहारा देणाऱ्या कुत्र्याचे नाव तिला दिलेले आहे. या पद्धतीत वापरकर्ता परवलीचा शब्द जालावरून पाठवीत नाही. त्या शब्दापासून बनविलेल्या किल्लीच्या साहाय्याने तो विश्वस्त केंद्राकडून एक कूटबद्ध (किल्लीवाचून न उलगडणारे) तिकीट मिळवितो. हे मूळ तिकीट केंद्राला दाखवून प्रत्येक सर्व्हरसाठी स्वतंत्र तिकीट मिळते. तिकिटाला मुदत असते; मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ती सर्वसाधारणपणे १० तास, म्हणजे कामाच्या एका दिवसाला पुरेल एवढी ठेवलेली असते. जुने संदेश पुन्हा पाठवून फसवणूक होऊ नये म्हणून संबंधित संगणकांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. परवानगी असूनही प्रवेश नाकारला जातो, तेव्हा घड्याळ चुकलेले असणे हे एक नेहमीचे कारण असते. कर्बेरोसची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. विंडोज २००० या प्रणालीपासून मायक्रोसॉफ्टने तिचा स्वीकार केला व एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत तिच्यासाठी सोय असणे आवश्यक ठरविण्यात आले.

विंडोज प्रणाली : एसएमबी व एनएफएस यांच्या रचनेत एक मूलभूत भेद आहे. एनएफएसमध्ये जोडणी संगणकाच्या मालकीची असते व त्या एकाच जोडणीतून सर्व वापरकर्त्यांच्या मागण्या जातात. एसएमबीमध्ये सर्व्हरशी होणाऱ्या संवादाचे सत्र एका विशिष्ट व्यक्तीच्या नावे सुरू होते. विंडोज प्रणाली या दुसऱ्या पद्धतीला अनुसरून घडलेली असल्याने तीत सामाईक फोल्डर वापरण्यास ग्राहक-संगणकावर प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. दोन तिरप्या रेघांपुढे सर्व्हरचे व फोल्डरचे नाव लिहिले की ते उघडते किंवा त्याला इंग्रजी वर्णमालेतील एखादे अक्षर देऊन ते स्वतंत्र चकतीप्रमाणे वापरता येते. विंडोज एक्सपी (२००१) पासून ही अक्षरे प्रत्येक प्रवेश-सत्रापुरती वेगळी असतात, त्यामुळे एकाच्या जोडणीचा दुसऱ्याला उपद्रव होत नाही.

या वेगळेपणामुळेच एक वरकरणी गूढ अडचण उद्‌भवते. २००७ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रशासक-गटातील व्यक्तीलाही एरवी सामान्य अधिकारच मिळतात. प्रशासकीय कामाच्या वेळी संमती घेऊन तिच्यासाठी दुसरे, वाढीव अधिकारांचे सत्र चालविले जाते. पहिल्या सत्रात जोडलेली अक्षरे दुसऱ्या सत्रात दिसत नाहीत. परिणामी ‘प्रशासक म्हणून चालवा’ असे सांगून सुरू केलेल्या आज्ञावलीला सामाईक फोल्डर सापडत नाही, पण तीच आज्ञावली साधेपणाने सुरू केल्यास सापडते. अशा वेळी अधिकार वाढविल्याने प्रवेश वाढण्याऐवजी खुंटतो. अक्षराऐवजी फोल्डरचा संपूर्ण पत्ता देणे हा यावरील सरळ उपाय होय.

विंडोज सर्व्हरवर परवानगीची तपासणी दोन ठिकाणी होते : एक सामाईक फोल्डरच्या प्रवेशद्वारावर व दुसरी प्रत्यक्ष चकतीवरील फाईलीवर. या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू पडते. उदा., प्रवेशद्वारावर केवळ वाचण्याची परवानगी असेल, तर फाईलीवर लिहिण्याची मुभा असूनही जालातून लिहिता येत नाही. याशिवाय प्रत्येक विंडोज संगणकावर डॉलरचे चिन्ह जोडलेल्या नावाची काही गुप्त सामाईक फोल्डरे आपोआप निर्माण होतात व त्यांद्वारे संपूर्ण चकतीत प्रवेश मिळतो. ती केवळ प्रशासकांसाठी असून दैनंदिन कामासाठी त्यांचा उपयोग करणे गैर समजले जाते.

युनिक्स व लिनक्स प्रणाली : या परिवारात सामान्य वापरकर्त्यासाठी जोडणीची वाट मोकळी करणारे पाच प्रमुख उपाय आहेत.

पहिला उपाय पूर्वसंमतीचा होय. जोडणीच्या कोष्टकात प्रशासक सर्व्हरचे फोल्डर, स्थानिक जागा व ‘वापरकर्ता’ हा पर्याय एकदा लिहून ठेवतो. त्यानंतर ती विशिष्ट जोडणी करण्यास सामान्य वापरकर्ता मोकळा असतो. हा पर्याय दिल्यावर परक्या फोल्डरातील विशेष खुणेच्या आज्ञावली, उपकरण-फाईली आणि एकूणच आज्ञावली चालविण्याची क्रिया या तिन्ही गोष्टी आपोआप बंद होतात. हे कोष्टक सर्वांना वाचता येत असल्याने सर्व्हरचा परवलीचा शब्द त्यात न लिहिता केवळ मालकालाच वाचता येईल अशा स्वतंत्र फाईलीत ठेवतात.

कोष्टकाच्या आधारे जोडणी करणारी सहायक आज्ञावली रिची यांच्या युक्तीनुसार सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने चालते, म्हणून तिच्यातील लहानशी चूकही महाग पडते. लिनक्समध्ये एसएमबी फोल्डर जोडणाऱ्या अशा आज्ञावलीत सर्व्हरचा पत्ता वाचताना त्याच्या लांबीची पुरेशी तपासणी होत नव्हती. या त्रुटीमुळे सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार बळकावणे शक्य असल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले व ती दुरुस्त करण्यात आली.

दुसरा उपाय स्वयंजोडणीचा आहे. वापरकर्त्याने ठराविक फोल्डरात पाऊल टाकताच प्रणालीची पार्श्वभूमीवर चालणारी सेवा ते फोल्डर जोडते व काही काळ वापर न झाल्यास जोडणी सोडते. वापरकर्त्याच्या हाती कोणतीही विशेष आज्ञा द्यावी लागत नाही. विद्यापीठांतील प्रयोगशाळांत विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसला, तरी त्याला त्याचे स्वतःचे फोल्डर मिळते ते बहुधा याच पद्धतीने.

तिसऱ्या उपायात जोडणीचे काम प्रणालीच्या गाभ्याबाहेर आणले जाते. मिक्लॉश सेरेडी यांनी तयार केलेली फ्यूज ही यंत्रणा २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिच्यामुळे फाईल-रचना पुरविणारी आज्ञावली सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालू शकते. गाभा केवळ निरोप्याचे काम करतो व वापरकर्त्याला आपल्या मालकीच्या फोल्डरावरच जोडणी करता येते. अशी जोडणी एरवी फक्त तिच्या कर्त्यालाच दिसते. सर्वाधिकाऱ्यालाही त्यात डोकावता येत नाही. याचे कारण असे की, फाईल-रचना पुरविणारी आज्ञावली अविश्वसनीय असल्यास ती आत शिरणाऱ्याला अडकवून ठेवू शकते किंवा त्याच्या हालचालींवर पाळत ठेवू शकते.

चौथ्या उपायात जोडणी टाळलीच जाते. ग्नोम व केडीई या आलेखी कार्यपरिसरांतील (चित्रे व खिडक्या यांच्या साहाय्याने काम करण्याच्या सोयींतील) फाईल-दर्शक आज्ञावली सर्व्हरशी स्वतःच बोलतात व वृक्षाला हात न लावता फाईली दाखवितात. मात्र या सोयींशी परिचित नसलेल्या जुन्या आज्ञावलींना अशा फाईली दिसत नाहीत. ग्नोममध्ये ही उणीव फ्यूजच्या साहाय्याने भरून काढलेली आहे.

पाचवा उपाय सर्वांत मूलगामी असून त्यात सर्वांना समान असा वृक्षच नाहीसा केला जातो. बेल प्रयोगशाळेच्या प्लॅन ९ या प्रणालीत (विद्यापीठांना १९९२ मध्ये उपलब्ध) प्रत्येक प्रक्रियेला आपला स्वतंत्र वृक्ष असू शकतो. त्यावर काहीही जोडले, तरी शेजाऱ्याच्या वृक्षाचे पानही हलत नाही. त्यामुळे जोडणीसाठी सर्वाधिकाऱ्याची गरज उरत नाही आणि त्या प्रणालीत युनिक्ससारखा सर्वाधिकारी नाहीच. लिनक्समध्ये ही कल्पना टप्प्याटप्प्याने आली. २०१३ पासून सामान्य वापरकर्त्याला आपले मर्यादित नामक्षेत्र निर्माण करता येऊ लागले व २०१८ पासून त्या क्षेत्रात फ्यूजची जोडणी करण्यास अनुमती मिळाली. याउलट ओपनबीएसडी या सुरक्षिततेला प्राधान्य देणाऱ्या प्रणालीने सामान्य वापरकर्त्यांना जोडणी करू देणारा पर्याय २०१६ मध्ये काढून टाकला. या विषयात अद्याप मतैक्य नाही, हे यावरून दिसते.

लिनक्समध्ये एका व्यक्तीच्या नावाने जोडलेल्या एसएमबी फोल्डरात त्याच संगणकावरील इतर सर्वजण त्या व्यक्तीच्याच अधिकाराने वावरतात, ही एक निराळी अडचण आहे. फाईलीवर कोणी बदल केला याची सर्व्हरवरील नोंद त्यामुळे निरर्थक ठरते. प्रत्येकाने स्वतःची ओळख देऊन स्वतंत्र सत्र उघडावे, असा ‘बहुवापरकर्ता’ पर्याय यासाठी उपलब्ध असून तो कर्बेरोसबरोबर वापरणे सोईचे असते.

स्वतःची फोल्डरे सामाईक करणे : दुसऱ्याचे फोल्डर वापरणे आणि आपले फोल्डर इतरांना खुले करणे या भिन्न गोष्टी होत. विंडोजमध्ये नवे सामाईक फोल्डर घोषित करण्यास सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात. सांबामध्ये २००६ पासून मर्यादित सवलत आहे. प्रशासकाने ठरविलेल्या गटातील सभासद आपल्या मालकीचे फोल्डर स्वतः सामाईक करू शकतो. किती फोल्डरे व कोणत्या भागातील, यांवर प्रशासक मर्यादा घालू शकतो. या बाबतीत अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात आयबीएमच्या सहकार्याने विकसित झालेली एएफएस ही प्रणाली पुष्कळच पुढे गेलेली होती. तिच्या रचनेत महादेव सत्यनारायणन यांचा प्रमुख वाटा होता. तीत प्रत्येक फोल्डराला सात प्रकारच्या परवानग्यांची यादी असते. त्यांतील एक परवानगी यादी बदलण्याचीच असल्याने सामान्य सभासद आपल्या फोल्डरापुरता प्रशासक बनतो. त्याला सहकाऱ्यांचे गटही स्वतः बनविता येतात. अधिकार वरून खाली वाटण्याऐवजी ज्याचे काम त्याच्याच हाती देण्याचे हे एक यशस्वी उदाहरण आहे.

परवानग्यांची आखणी : परवानगी व्यक्तीला न देता गटाला देणे व व्यक्तीला गटाचे सभासद करणे ही सर्वमान्य पद्धत आहे. उदा., एखाद्या महाविद्यालयात ग्रंथालयाच्या फोल्डरावर ‘ग्रंथालय-वाचन’ व ‘ग्रंथालय-लेखन’ असे दोन गट नेमले, तर कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर त्याचे नाव एका यादीतून काढणे पुरते. शेकडो फाईलींवरील परवानग्या शोधीत बसावे लागत नाही. युनिक्सच्या पारंपरिक पद्धतीत फाईलीचा मालक, एक गट व इतर सर्व असे तीनच विभाग असतात, त्यामुळे सूक्ष्म आखणीसाठी परवानगी-यादीचा आश्रय घ्यावा लागतो. एनएफएसच्या जुन्या ओळख-पद्धतीत एका मागणीबरोबर १६ पेक्षा अधिक गट कळविता येत नाहीत, ही मर्यादा मोठ्या संस्थांत अडचणीची ठरते.

धोके व मर्यादा : प्रवेशाची अडचण दूर करण्यासाठी सामान्य वापरकर्त्यांना प्रशासक करण्याची किंमत २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने दाखवून दिली. युक्रेनमध्ये वापरात असलेल्या एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावत आवृत्तीतून तिचा शिरकाव झाला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषांचा ती फायदा घेत असेच. पण दोष दुरुस्त केलेल्या संगणकांवरही ती पसरली. ज्या संगणकावर तिला प्रशासकाचे अधिकार मिळत, तेथील स्मृतीतून इतरांची ओळख-चिन्हे चोरून ती प्रशासकीय गुप्त फोल्डरांमार्फत पुढील संगणकांत शिरत असे. मर्स्क या जहाज-कंपनीचे जगभरातील कामकाज त्यामुळे ठप्प झाले. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या एका मालधक्क्यावरील संगणकीय व्यवहारही बंद पडून मालाची चढउतार विस्कळीत झाली. एका संगणकावरील प्रशासकाचा अधिकार त्या संगणकापुरता मर्यादित राहत नाही, हे या घटनेने सिद्ध केले.

एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषांवरच त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीचा फैलाव झाला होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना तिची झळ पोहोचली. ऑक्टोबर २०१७ पासूनच्या विंडोज आवृत्त्यांत एसएमबीची पहिली आवृत्ती सामान्यतः बसविलेली नसते. त्यामुळे केवळ तीच जाणणारी जुनी साठवण-उपकरणे नव्या संगणकांना दिसत नाहीत. अशा वेळी जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा उपकरण बदलणे इष्ट असते. परवलीच्या शब्दाशिवाय दिला जाणारा पाहुणा-प्रवेशही क्रमाक्रमाने बंद होत आलेला आहे.

किमान अधिकारांच्या तत्त्वालाही मर्यादा आहेत. खंडणीखोर आज्ञावली सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालली, तरी त्याला लिहिण्याची परवानगी असलेल्या प्रत्येक सामाईक फोल्डरातील फाईली ती कूटबद्ध करून निरुपयोगी करू शकते. म्हणून वाचणे पुरेसे असेल तेथे लिहिण्याची परवानगी न देणे, सर्व्हरवर ठराविक वेळाने फाईलींच्या न बदलणाऱ्या प्रतिमा घेणे व एक प्रत जालाबाहेर ठेवणे, ही दक्षता घ्यावी लागते. त्याचबरोबर परवानग्या इतक्या जाचक असू नयेत की, लोक फाईली सुट्या साठवण-कांड्यांवर किंवा खासगी पत्रव्यवहारातून नेऊ लागतील. कारण मग त्या फाईलींवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

इंटरनेटवरील साठवण-सेवांचा प्रसार झाल्यापासून अनेक संस्थांत फाईलींचा व्यवहार दर्शक आज्ञावलीतून (ब्राउझरमधून) होऊ लागला आहे. तेथे वृक्षावरील जोडणी व तिच्यासाठी लागणारे प्रशासकीय अधिकार हा प्रश्न बहुतांशी उरलेला नाही. ओळख व परवानगी हे दोन प्रश्न मात्र तेथेही कायम आहेत. दुव्याच्या एका कळीने संपूर्ण फोल्डर कोणालाही खुले करता येत असल्याने परवानगीचा निर्णय आता प्रशासकाइतकाच सामान्य वापरकर्त्याच्याही हाती आलेला आहे.